बाष्पजनित्रांची तपासणी व नियमन, अणुकेंद्रीय विद्युत् केंद्रांतील

अणुकेंद्रीय विक्रियकाच्या (अणुभट्टीच्या) गाभ्यात निर्माण झालेल्या उष्णतेने ज्या पात्रात पाण्याची वाफ करतात, त्या पात्राला बाष्पजनित्र म्हणतात. या पात्रात हजारो पातळ नळ्या असतात. त्यांची ठराविक काळाने अविनाशी पद्धतींनी (नळीला इजा न करता) परीक्षा करणे, सदोष नळ्या वापरातून काढणे आणि उरलेल्या नळ्या पुढील तपासणीपर्यंत टिकतील हे सप्रमाण दाखविणे, ही केंद्र चालविणाऱ्या परवानाधारक संस्थेची जबाबदारी असते. ती जबाबदारी नीट पार पाडली जाते की नाही हे पाहणे, हे शासनाच्या नियामक यंत्रणेचे काम होय. तपासणीने नळीची आजची स्थिती कळते. नियमनाचा संबंध मात्र मुख्यत्वे उद्याच्या स्थितीशी असतो. आज दिसलेला किंवा दिसू न शकलेला दोष पुढील दीड-दोन वर्षांत, आणि नव्या मिश्रधातूंच्या बाबतीत त्याहूनही अधिक काळात, किती वाढेल याचा अंदाज सुरक्षित आहे काय, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

या क्षेत्रातील नियम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (यापुढे ‘अमेरिका’) सविस्तर विकसित झाले असून तेथील घटनांचे व तपासण्यांचे अहवाल जाहीर केले जातात. म्हणून प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने तेथील पद्धतीचे वर्णन केले असून अखेरीस भारतातील परिस्थितीचा आढावा घेतला आहे.

रचना व कार्य : दाबित जल विक्रियकात पाण्याची दोन स्वतंत्र मंडले असतात. प्राथमिक मंडलातील पाणी गाभ्यातून फिरते. त्यावरील दाब वातावरणीय दाबाच्या सु. १५० पट असल्यामुळे ३००° से. च्या पुढेही ते उकळत नाही. हे तप्त पाणी बाष्पजनित्रातील नळ्यांच्या आतून वाहते व नळ्यांबाहेरील दुय्यम मंडलाच्या पाण्याला उष्णता देते. दुय्यम मंडलातील दाब वातावरणीय दाबाच्या सु. ६० ते ७० पट एवढाच असल्याने तेथील पाण्याची वाफ होते. ही वाफ टरबाइन फिरविते, संघनकात तिचे पुन्हा पाणी होते व ते पाणी बाष्पजनित्रात परत येते.

एका विक्रियकास साधारणतः दोन ते चार बाष्पजनित्रे जोडलेली असतात. पाश्चात्त्य धर्तीची बाष्पजनित्रे बहुधा उभी असतात. मोठ्या बाष्पजनित्राची उंची सु. २१ मी. व वजन सु. ८०० टनांपर्यंत असू शकते. एका पात्रात ३,००० पासून १६,००० पर्यंत नळ्या असतात. नळीचा व्यास सु. १९ मिमी. आणि भित्तीची जाडी १ मिमी.हून थोडीशीच अधिक असते. बहुतेक रचनांत नळ्या इंग्रजी ‘यू’ या अक्षराच्या आकाराच्या, उलट्या बसविलेल्या असतात. त्यांची दोन्ही टोके सु. ५० सेंमी. किंवा अधिक जाडीच्या पोलादी नळीपट्टात घट्ट बसविलेली असतात आणि वरच्या भागात ठिकठिकाणी आधारपट्ट व कंपरोधक पट्ट्या त्यांना धरून ठेवतात. रशियन धर्तीच्या विक्रियकांत बाष्पजनित्रे आडवी असून नळ्या अगंज पोलादाच्या असतात.

नळीकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. उष्णता सहज पलीकडे जावी म्हणून तिची भित्ती पातळ असावी लागते. किरणोत्सर्गी पाणी पलीकडे जाऊ नये म्हणून तीच भित्ती भक्कम असावी लागते. प्राथमिक मंडलाच्या दाब सोसणाऱ्या एकूण पृष्ठभागापैकी निम्म्याहून अधिक पृष्ठभाग या नळ्यांचाच असतो.

नळी फुटण्याचे विशेष गांभीर्य : विक्रियक व प्राथमिक मंडल जाड काँक्रीटच्या संधारक वास्तूत बंदिस्त केलेले असते. प्राथमिक मंडलातील दुसरा एखादा नळ फुटला, तर बाहेर पडलेले पाणी त्या वास्तूतच राहते. बाष्पजनित्रातील नळी फुटली असता मात्र प्राथमिक मंडलातील पाणी अधिक दाबामुळे दुय्यम मंडलात शिरते. दुय्यम मंडलाचे वाफेचे नळ संधारक वास्तूबाहेर टरबाइनापर्यंत गेलेले असतात. दाब वाढून त्यांवरील सुरक्षा झडप उघडली, तर किरणोत्सर्गी द्रव्याला थेट वातावरणात जाण्याची वाट मिळते. अशा वेळी सदोष बाष्पजनित्र वेगळे करणे व प्राथमिक मंडलाचा दाब लवकर कमी करून गळती थांबविणे, ही कामे नियंत्रण कक्षातील चालकांना थोड्या वेळात करावी लागतात. नळी म्हणजे एकाच वेळी प्राथमिक मंडलाची भिंत आणि संधारक व्यवस्थेचा एक भाग, असे दुहेरी स्थान तिला असल्यामुळेच तिच्या तपासणीला एवढे महत्त्व आले आहे.

नळ्यांची हानी : प्रारंभीच्या संयंत्रांत नळ्यांसाठी ‘मिश्रधातू ६००’ ही निकेल (७२ टक्क्यांहून अधिक) व क्रोमियम (सु. १४ ते १७ टक्के) यांची मिश्रधातू वापरीत. ती संयंत्राच्या पूर्ण आयुष्यभर टिकेल अशी अपेक्षा होती. ती फोल ठरली. दुय्यम मंडलातील पाण्यात फॉस्फेटे मिसळण्याच्या सुरुवातीच्या पद्धतीमुळे नळीपट्टाजवळ साचलेल्या गाळात नळ्यांची भित्ती झिजून पातळ होऊ लागली. १९७० नंतरच्या दशकात फॉस्फेटांचा वापर सोडून बाष्पनशील रसायने वापरण्यास सुरुवात झाली, तेव्हा दुसरी व्याधी उद्भवली. आधारपट्टांचे कार्बनी पोलाद गंजून तयार झालेले लोहाचे ऑक्साइड नळी व पट्ट यांमधील फटीत फुगले आणि त्याने नळ्या चेपल्या. पुढे आतील व बाहेरील अशा दोन्ही पृष्ठभागांवर प्रतिबल-संक्षारण तडे (ताण व रासायनिक क्रिया यांच्या संयुक्त परिणामाने पडणाऱ्या सूक्ष्म चिरा) आढळू लागले. हे तडे विशेषतः नळीपट्टाजवळ, आधारपट्टांच्या फटींत आणि लहान त्रिज्येच्या वळणांवर पडतात.

संक्षारणाखेरीज यांत्रिक कारणेही आहेत. वेगाने वाहणाऱ्या पाण्यामुळे व वाफेमुळे नळ्या कंप पावतात आणि आधारांशी घासून झिजतात. दुरुस्तीच्या वेळी आत राहिलेले धातूचे तुकडे नळ्यांवर आपटत राहतात. न्यूयॉर्क राज्यातील गिन्ना केंद्रात २५ जानेवारी १९८२ रोजी नळी फुटली ती अशाच आत राहिलेल्या पोलादी तुकड्यामुळे. त्या तुकड्याने कडेच्या, पूर्वीच बुचे मारून बंद केलेल्या नळ्या मोडल्या व त्या मोडक्या नळ्यांनी शेजारची चालू नळी झिजविली. गळतीचा वेग सुरुवातीस मिनिटाला सु. २,९०० लि. होता. जपानमधील मिहामा केंद्राच्या दुसऱ्या संयंत्रात ९ फेब्रुवारी १९९१ रोजी एक नळी शिणवट्याने (वारंवार होणाऱ्या कंपनाने) पूर्णपणे तुटली. कंपरोधक पट्ट्या आराखड्यात दाखविल्याइतक्या खोलवर बसविलेल्या नव्हत्या, असे चौकशीत आढळले.

या अनुभवांमुळे पुढे नळ्यांसाठी उष्णतोपचार केलेली ‘मिश्रधातू ६९०’ (क्रोमियम सु. २७ ते ३१ टक्के) पसंत केली जाऊ लागली आणि जगातील अनेक संयंत्रांतील जुनी बाष्पजनित्रे काढून नवी बसविण्यात आली. काही देशांत ‘इन्कोलॉय ८००’ ही लोह, निकेल व क्रोमियम यांची मिश्रधातू वापरतात.

तपासणीच्या पद्धती : तपासणी संयंत्र बंद असतानाच करता येते. इंधन बदलण्यासाठी विक्रियक बंद केल्यावर बाष्पजनित्राच्या तळाशी असलेल्या जलकोठीचे झाकण उघडतात. कोठीत किरणोत्सर्गाची पातळी उच्च असल्याने माणसाला आत फार वेळ थांबविता येत नाही. म्हणून दूरनियंत्रित यांत्रिक हात आत बसवितात. तो एकेका नळीच्या तोंडाशी जाऊन तिच्यात एक शोधक ढकलतो व परत ओढून घेतो.

मुख्य पद्धत आवर्त प्रवाहांची आहे. शोधकातील तारेच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाह सोडला असता नळीच्या भित्तीत भोवऱ्याप्रमाणे फिरणारे प्रवाह प्रवर्तित होतात. भित्ती पातळ झालेली असेल किंवा तिला तडा गेला असेल, तर या प्रवाहांची वाट बदलते व तिचा परिणाम वेटोळ्याच्या विद्युत् संरोधावर होतो. हा बदल संकेताच्या रूपाने नोंदला जातो. निरनिराळ्या कंप्रता वापरून दोष आतील पृष्ठभागावर आहे की बाहेरील, याचा व त्याच्या खोलीचा अंदाज करतात. मापनाची तुलना मुद्दाम भोके व खाचा पाडलेल्या प्रमाण नळीशी करतात.

रिळासारखे वेटोळे असलेला साधा शोधक नळीतून जलद जातो व तिची पूर्ण लांबी तपासतो. परंतु परिघाच्या दिशेने पडलेले तडे त्याला नीट दिसत नाहीत आणि वळणावर किंवा चेपलेल्या जागी त्याच्या संकेतात गोंगाट (अनावश्यक संकेतांची मिसळ) फार येतो. अशा जागांसाठी स्वतःभोवती फिरणारे वेटोळे असलेला शोधक वापरतात. तो हळू चालतो, पण अधिक बारकाईने पाहतो. अनेक लहान वेटोळ्यांची रांग असलेले शोधक हा या दोहोंतील मध्यम मार्ग होय. कोणती जागा कोणत्या शोधकाने पाहावयाची हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी त्या विशिष्ट बाष्पजनित्रात कोणत्या प्रकारची हानी संभवते, याचे लेखी मूल्यमापन करणे परवानाधारकावर बंधनकारक असते.

यंत्राने दिलेला संकेत वाचणे हे कौशल्याचे काम आहे. एका तपासणीत लक्षावधी संकेत जमा होतात. ते परीक्षा उत्तीर्ण झालेले दोन विश्लेषक, किंवा एक विश्लेषक व एक संगणकीय प्रणाली, एकमेकांवर विसंबून न राहता वाचतात. त्यांच्यात मतभेद झाल्यास तिसरा ज्येष्ठ विश्लेषक निर्णय देतो. एखाद्या नळीबद्दल शंका राहिल्यास ती जागीच पाण्याच्या दाबाने तपासतात. सदोष ठरलेल्या नळीच्या दोन्ही तोंडांना बुचे मारून ती कायमची बंद करतात किंवा आत दुसरी छोटी नळी अस्तरासारखी बसवितात. काही टक्के नळ्या बंद झाल्या तरी संयंत्र चालू शकते. प्रमाण फार वाढले की शक्ती कमी करावी लागते.

तपासणीला सतत चालणाऱ्या गळतीमापनाची जोड असते. संघनकातून काढलेल्या वायूंतील व वाफेच्या नळांतील किरणोत्सर्ग मोजून अल्प गळतीही ओळखता येते. मात्र प्रत्येक नळी फुटण्यापूर्वी इशारा देण्याइतकी गळते असे नाही. त्यामुळे गळतीमापन हा तपासणीचा पर्याय होऊ शकत नाही.

नियमनाचा विकास : अमेरिकेत जानेवारी १९७५ मध्ये न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशन हा स्वतंत्र नियामक आयोग अस्तित्वात आला. त्याच वर्षी २६ फेब्रुवारीला विस्कॉन्सिन राज्यातील पॉइंट बीच केंद्रात नळी फुटली. १९७६ मध्ये सरी आणि १९७९ मध्ये प्रेअरी आयलंड या केंद्रांतही तसेच घडले. आयोगाने १९७५ मध्ये सुधारलेल्या एका मार्गदर्शिकेत किती नळ्या, किती काळाने तपासाव्यात हे सांगितले. १९७६ च्या दुसऱ्या मार्गदर्शिकेत नळी बंद करण्याचे निकष दिले. त्या पद्धतीत आरंभी थोड्या नळ्यांचा नमुना तपासत आणि त्यात दोष अधिक आढळल्यास नमुना वाढवीत. भित्तीची ४० टक्के किंवा अधिक जाडी गमावलेली नळी बंद करावी, हा सर्वसाधारण दंडक याच काळात रूढ झाला.

हे नियम एकसारख्या झिजेसाठी योग्य होते. तडे वाढू लागले तेव्हा त्यांची अपूर्णता दिसून आली. तड्याची खोली आवर्त प्रवाहाने विश्वासार्हपणे मोजता येत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी तडा दिसताच नळी बंद करण्याची प्रथा पडली. आधारपट्टांच्या फटींतील काही तड्यांपुरता आयोगाने १९९५ मध्ये खोलीऐवजी संकेताच्या विद्युत् दाबावर आधारलेला पर्यायी निकष मान्य केला. शिवाय ठराविक टक्केवारीचा नियम अक्षरशः पाळूनही संयंत्र असुरक्षित राहू शकते, हे ध्यानात आले. १९९७ मध्ये अणुऊर्जा उद्योगाच्या संघटनेने एक सर्वसमावेशक कार्यक्रम स्वीकारला. आयोगाने २००५ मध्ये त्यावर आधारलेल्या आदर्श तांत्रिक अटी संमत केल्या आणि २००६ मध्ये सर्व संबंधित परवानाधारकांना परिपत्रक पाठवून त्यांच्या अटींचा फेरविचार करावयास लावला. ‘किती तपासले’ याऐवजी ‘नळ्या टिकतील हे कशावरून’ असा प्रश्न विचारणारी ही पद्धत होय.

सध्याच्या कसोट्या : या पद्धतीत तीन कसोट्या आहेत. (१) संरचनात्मक कसोटी : नेहमीच्या पूर्ण शक्तीच्या कार्यात नळीच्या आतबाहेरील दाबांत जो फरक असतो, त्याच्या तिप्पट आणि आराखड्यात गृहीत धरलेल्या अपघातातील दाब-फरकाच्या १·४ पट दाबालाही नळी फुटता कामा नये. (२) अपघातकालीन गळतीची कसोटी : वाफेचा मुख्य नळ फुटण्यासारख्या अपघातात नळ्यांतून होणारी गळती सुरक्षा-विश्लेषणात गृहीत धरलेल्या मर्यादेत राहिली पाहिजे, ही मर्यादा सामान्यतः मिनिटाला सु. ३·८ लि. असते. (३) चालू स्थितीतील गळतीची कसोटी : एका बाष्पजनित्रातून दिवसाला सु. ५६८ लि. (१५० गॅलन) यापेक्षा अधिक गळती झाल्यास संयंत्र बंद करावे लागते.

प्रत्येक तपासणीनंतर दोन मूल्यमापने करतात. पहिले मागे पाहणारे : मागील काळात कसोट्या खरोखर पाळल्या गेल्या काय? दुसरे पुढे पाहणारे : न दिसलेले दोष, नव्याने उद्भवणारे दोष व दोषांच्या वाढीचा वेग ध्यानात घेता पुढील तपासणीपर्यंत कसोट्या पाळल्या जातील काय? पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या अंदाजाची परीक्षा घेते. मागील खेपेचा अंदाज चुकीचा ठरला असेल, तर पुढील मुदत कमी करणे ओघानेच येते.

दोन तपासण्यांतील कमाल अंतर नळीच्या मिश्रधातूनुसार ठरते. ते परिणामी पूर्णशक्ती महिन्यांत, म्हणजे संयंत्र पूर्ण शक्तीने चालले असे धरून येणाऱ्या कालावधीत, मोजतात. उष्णतोपचार न केलेल्या मिश्रधातू ६०० च्या नळ्यांसाठी २४ महिने ही मर्यादा होती. मिश्रधातू ६९० साठी आरंभी ७२ महिने ही मर्यादा होती. २०२१ मध्ये मान्य झालेल्या सुधारित आदर्श अटींनुसार ती ९६ महिन्यांपर्यंत नेता येते. ही कमाल मर्यादा असते. प्रत्यक्ष मुदत पुढे पाहणाऱ्या मूल्यमापनाने सिद्ध करावी लागते.

नियामक यंत्रणेचे कार्य : आयोग स्वतः नळ्या तपासत नाही. संयंत्र बंद असताना त्याचे प्रादेशिक निरीक्षक केंद्रात जाऊन तपासणीची योजना, शोधकांची निवड, विश्लेषकांची पात्रता व निवडक संकेतांचे वाचन पाहतात. मुख्यालयातील तज्ञ काम चालू असतानाच परवानाधारकाशी दूरध्वनीवरून चर्चा करून अनपेक्षित निष्कर्षांची माहिती घेतात. संयंत्र पुन्हा सुरू होऊ लागल्यापासून १८० दिवसांत परवानाधारकाला सविस्तर अहवाल द्यावा लागतो. आयोगाचे तज्ञ त्याचे परीक्षण करून आपला अभिप्राय जाहीर करतात. त्रुटी आढळल्यास तिच्या सुरक्षाविषयक महत्त्वानुसार हिरवा, पांढरा, पिवळा किंवा तांबडा असा दर्जा देतात. तांबडा दर्जा सर्वांत गंभीर होय. त्रुटीचा दर्जा जेवढा गंभीर, तेवढे निरीक्षण वाढते.

इंडियन पॉइंट प्रकरण : नियमनाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद घटना न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस हडसन नदीकाठच्या इंडियन पॉइंट केंद्राच्या दुसऱ्या संयंत्रात १५ फेब्रुवारी २००० रोजी घडली. त्या रात्री एका बाष्पजनित्रातील दुसऱ्या ओळीच्या नळीला तिच्या वरच्या वळणावर तडा जाऊन मिनिटाला सु. ५५० लि. गळती सुरू झाली. चालकांनी संयंत्र बंद केले. केंद्राबाहेर नेहमीच्या पातळीहून अधिक किरणोत्सर्ग आढळला नाही. लोकांना इजा झाली नसली, तरी नियमनाची अनेक अंगे या घटनेने उघडी पडली.

त्या संयंत्रातील नळ्या उष्णतोपचार न केलेल्या मिश्रधातू ६०० च्या होत्या. १९९७ च्या तपासणीत दुसऱ्या ओळीच्या वळणावर तडा गेलेली एक नळी प्रथमच सापडली होती. तशा जागी हानी सुरू झाल्याचा तो इशारा होता. आधारपट्ट गंजाने चेपले जाऊन त्यांतील प्रवाहमार्ग अरुंद झाले की, नळीचे दोन्ही पाय एकमेकांकडे ढकलले जातात व वळणावरील ताण वाढतो, हे १९७६ च्या सरी येथील घटनेपासून माहीत होते. तरीही सापडलेली एक नळी बंद करण्यापलीकडे त्या इशाऱ्याचा पुरेसा विचार झाला नाही. पुढे फुटलेल्या नळीचे १९९७ चे संकेत पुन्हा वाचले असता त्यांत दोषाची खूण होती, परंतु ती गोंगाटात दडली होती, असे निष्पन्न झाले. संकेतांचा दर्जा चांगला नसतानाही तपासणी समाधानकारक मानली गेली होती.

दुसरी बाब मुदतीची. मधल्या काळात संयंत्र बराच काळ बंद राहिले होते. ते कारण देऊन परवानाधारकाने पुढील तपासणी लांबविण्याची परवानगी मागितली आणि आयोगाने जून १९९९ मध्ये ती दिली. नळी फुटली ती या वाढीव मुदतीत. आयोगाच्या महानिरीक्षक कार्यालयाने ऑगस्ट २००० मधील अहवालात आयोगाने केलेल्या परीक्षणातील उणिवांवर बोट ठेवले. आयोगाने नेमलेल्या गटाने ऑक्टोबर २००० मध्ये परवानाधारक, उद्योगाच्या मार्गदर्शिका व स्वतः आयोग या तिघांनीही घ्यावयाच्या सुधारणांची यादी दिली. परवानाधारकाच्या १९९७ च्या तपासणीतील त्रुटीला तांबडा दर्जा देण्यात आला. परवानाधारकाने जुनी बाष्पजनित्रे दुरुस्त करण्याऐवजी केंद्रात कित्येक वर्षे तयार असलेली नवी बसविली. हे संयंत्र ३० एप्रिल २०२० रोजी कायमचे बंद झाले.

या प्रकरणापासून संकेतातील गोंगाट मोजणे व त्यामुळे किती मोठा दोष दडू शकेल याचा हिशेब करणे तपासणीचा भाग बनले. ‘दोष दिसला नाही’ आणि ‘दोष नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत, हे तत्त्व नियमांत उतरले.

सान ओनोफ्रे प्रकरण : तपासणीची दुसरी मर्यादा कॅलिफोर्निया राज्यातील सान ओनोफ्रे केंद्रात दिसली. तेथील दोन संयंत्रांत २०१० व २०११ मध्ये मिश्रधातू ६९० च्या प्रत्येकी ९,७२७ नळ्या असलेली नवी बाष्पजनित्रे बसविली होती. ३१ जानेवारी २०१२ रोजी तिसऱ्या संयंत्रात अल्प गळती आढळली. नवी बाष्पजनित्रे तेव्हा वर्षभरही चाललेली नव्हती. तपासणीत शेकडो नळ्या एकमेकींवर घासल्याचे दिसले आणि जागीच घेतलेल्या दाब-परीक्षेत आठ नळ्या अनुत्तीर्ण झाल्या. आराखडा करताना वापरलेल्या संगणकीय गणितात वाफेचा वेग प्रत्यक्षाहून फार कमी धरला गेला होता. त्यामुळे वळणाच्या पातळीतच होणाऱ्या कंपनाला आवर घालणारे आधार पुरेसे नव्हते. नवी बाष्पजनित्रे जुन्यांसारखीच आहेत असे धरून परवान्यात दुरुस्ती न घेता हा बदल करणे योग्य होते काय, यावर मोठा वाद झाला. आयोगाने २७ मार्च २०१२ च्या पत्राने परवानगीविना संयंत्रे सुरू करण्यास मनाई केली आणि ७ जून २०१३ रोजी मालक संस्थेने ती कायमची बंद करण्याचे जाहीर केले. संक्षारणाच्या अनुभवावर आधारलेले तपासणीचे वेळापत्रक आराखड्यातील चुकीपासून संरक्षण देऊ शकत नाही. ते काम आराखड्याच्या परीक्षणाचे आहे. अल्प गळतीवर कडक मर्यादा असल्याचा उपयोग मात्र येथे स्पष्ट झाला.

भारतातील परिस्थिती : महाराष्ट्रातील तारापूर येथे १९६९ मध्ये कार्यान्वित झालेली पहिली दोन संयंत्रे उकळत्या पाण्याच्या प्रकारची असली, तरी त्यांच्या मूळ रचनेत दुय्यम बाष्पजनित्रेही होती. त्यांच्या नळ्या गळू लागल्याने ती वेगळी करण्यात आली आणि प्रत्येक संयंत्राची क्षमता २१० मेवॉ. वरून १६० मेवॉ. वर आणण्यात आली. नळ्यांच्या हानीची किंमत विद्युत् निर्मितीच्या रूपाने कशी मोजावी लागते, याचे हे जवळचे उदाहरण होय.

भारतातील बहुसंख्य संयंत्रे दाबित जड पाण्याच्या प्रकारची आहेत. राजस्थान व कल्पाक्कम येथील सुरुवातीच्या संयंत्रांत नळ्यांसाठी ‘मोनेल ४००’ ही निकेल व तांबे यांची मिश्रधातू वापरली होती. नरोरा केंद्रापासून ‘इन्कोलॉय ८००’ वापरली जाऊ लागली. तारापूरची ५४० मेवॉ. क्षमतेची तिसरी व चौथी संयंत्रे याच धर्तीची आहेत. या प्रकारात नळीतून गळते ते मौल्यवान जड पाणी आणि त्यात ट्रिटियम हा हायड्रोजनाचा किरणोत्सर्गी समस्थानिक असतो. त्यामुळे गळती रोखण्यात सुरक्षा व अर्थकारण या दोहोंचे हित असते, आणि दुय्यम मंडलाच्या पाण्यातील ट्रिटियम मोजून गळतीचा माग काढता येतो. कूडंकुळम येथील रशियन धर्तीच्या संयंत्रांत आडवी बाष्पजनित्रे आहेत.

भारतात नियमनाचे काम अणुऊर्जा नियामक मंडळ करते. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगर येथे आहे. मंडळाने घालून दिलेल्या संहितांनुसार केंद्र चालविणारी संस्था सेवाकालीन तपासणीचा कार्यक्रम आखते. मंडळाचे निरीक्षक केंद्रांना भेटी देतात व चालू संयंत्रांच्या सुरक्षेचे परीक्षण बहुस्तरीय समित्यांमार्फत होते. ठराविक वर्षांनी संपूर्ण संयंत्राचे सुरक्षा-पुनरीक्षण करतात. त्यात बाष्पजनित्रांच्या वयोमानाचा विचार अंतर्भूत असतो.

मूल्यमापन : पूर्वीच्या तुलनेने आज नळ्यांचे मिश्रधातू चांगले आहेत, शोधक अधिक सूक्ष्म आहेत व पाण्याच्या रसायनावरील नियंत्रण कडक आहे. या सुधारणांच्या आधारे तपासण्यांमधील अंतर वाढविण्याची मागणी होते. तीस सबळ आधारही आहे. कारण प्रत्येक तपासणीत कामगारांना किरणोत्सर्गाची मात्रा मिळते, खर्च होतो आणि वारंवार उघडझाप केल्याने परके तुकडे आत राहण्याचा संभव वाढतो. उलट, अंतर वाढले की पुढे पाहणाऱ्या अंदाजावरील भार वाढतो व तो चुकल्यास कळण्यास उशीर होतो. म्हणून मुदतवाढीच्या प्रत्येक मागणीत परवानाधारकाने दिलेल्या मूळ संकेतांपर्यंत जाऊन त्यांची शहानिशा करण्याची क्षमता, म्हणजेच या विषयाचे स्वतःचे तज्ञ, नियामक यंत्रणेकडे असणे आवश्यक ठरते. नळी बंद करण्याचा निर्णय परवानाधारकाचा असला, तरी ती चालू ठेवण्यामागील कारणे तपासण्याचे कर्तव्य नियामकाचे असते.